मृग विस्कटतो तिथून पुढे

जहाज काक्षीच्या रोखाने उड्या घेत निघालं की वाटेतच मृग नक्षत्र विस्कटायला लागतं. पृथ्वीवरून एकाच पडद्यावर टाचल्यासारखे दिसणारे तारे एकमेकांपासून सुटतात. काक्षी सुमारे 500 प्रकाशवर्षांवर, राजन्य 860च्या आसपास, आणि मृगातला तो प्रसिद्ध तेजोमेघ 1,300च्याही पुढे. बाणाचे तीन तारेसुद्धा बाजूने पाहिले तर एका रांगेत राहत नाहीत. हे आकडे मी पुस्तकांत कितीदा वाचले होते. पण ओळखीचा एकेक तारा खिडकीशेजारून मागे गेला, तेव्हा आकाशाला खोली आहे हे मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं.

हा प्रवास ‘एलिट डेंजरस’ या संगणकीय खेळातला. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने तो डिसेंबर 2014मध्ये आणला. मूळ ‘एलिट’ डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोघांनी 1984 साली तयार केला होता. नव्या खेळात आपली आकाशगंगा पूर्ण आकारात उभी आहे, सुमारे 400 अब्ज तारकामंडलांसह. खगोलशास्त्रज्ञांच्या सूच्यांमधले दीड लाखाच्या आसपास तारे त्यात आपापल्या खऱ्या जागी आहेत. बाकीचे ‘स्टेलर फोर्ज’ नावाची यंत्रणा वस्तुमान आणि वयाचे नियम लावून घडवते. लढाया, व्यापार, राजकारण सगळं आहे. पण मी तिथे जाते ती केवळ बघायला.

बघण्यासारखं घराजवळही पुष्कळ आहे. सूर्यमालेत शिरायला आधी तिथल्या संघराज्याची परवानगी मिळवावी लागते. खेळातलं वर्ष आपल्या वर्षाच्या 1286 वर्षं पुढे चालतं, तरी 1977 साली पृथ्वीवरून निघालेली दोन्ही व्हॉयेजर यानं तिथे सापडतात, सगळ्या ग्रहांच्या कितीतरी पलीकडे, अजून बाहेरच्या दिशेने जाताना. एप्सिलॉन इंडी या मंडलात न्यू आफ्रिका या ग्रहाला मिटरँड हॉलो नावाचा चिमुकला चंद्र आहे. तो डोळ्यांदेखत ग्रहाभोवती धावतो. चंद्राचं फिरणं आपण तिथीतिथीने मोजत आलो. इथे ते नजरेने धरता येतं.

हटन ऑर्बिटल या स्थानकाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. ते अल्फा सेंटॉरीत आहे, आपल्या अगदी शेजारच्या मंडलात. पण उडी संपते मुख्य ताऱ्याशी, आणि स्थानक आहे प्रॉक्सिमा या ताऱ्याजवळ, 0.22 प्रकाशवर्ष दूर. प्रकाशाच्या दोन हजार पट वेग गाठूनही साध्या इंजिनाने तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ समोर फक्त एक ठिपका असतो आणि आकडा हळूहळू उतरत जातो. तिथे पोचलेले लोक हटनचा मग विकत घेतात, आणि तो मिरवतात ते योग्यच आहे. प्रॉक्सिमा खऱ्या आकाशातही आपल्या जोडीदार ताऱ्यांपासून साधारण इतकीच लांब आहे. सर्वांत जवळच्या शेजाऱ्याच्या अंगणाचा हा विस्तार! खेळ सोपा करण्यासाठी निर्मात्यांनी तो आखडून टाकला नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

पुढे आकाशगंगेच्या केंद्राकडे. धनू राशीच्या दिशेने सुमारे 25,900 प्रकाशवर्षं. एका उडीत 50 प्रकाशवर्षं कापणारं जहाज असलं, तरी पाचशेहून जास्त उड्या. वाटेत ताऱ्यांच्या कडेने जाऊन इंधन भरून घ्यायचं. लाल आणि पिवळे तारे इंधन देतात, न्यूट्रॉन तारे देत नाहीत. न्यूट्रॉन ताऱ्याचं देणं वेगळं आहे. त्याच्या दोन टोकांतून निळसर पांढरे झोत उसळत असतात. जहाज त्या झोताच्या शेपटीत घालायचं. ते गदागदा हलतं, सुकाणू हाताला जुमानत नाही, यंत्रं कुरकुरतात; आणि नीट बाहेर पडलात तर पुढची उडी चौपट लांबीची होते. जेमतेम शहराएवढ्या रुंदीचा, सूर्याहून जड गोळा, आणि आपण त्याच्या श्वासात उभे. भीती आणि भक्ती यांच्यातलं अंतर तिथे फार उरत नाही.

केंद्राजवळ रात्र अशी राहतच नाही. चहूकडे तारे इतके दाट की काळं आकाश शोधावं लागतं. सॅजिटेरियस ए* हे कृष्णविवर, चाळीस लाखांहून अधिक सूर्यांच्या वस्तुमानाचं, स्वतः दिसत नाही. त्याच्यामागचे तारे वाकतात, त्यांची कडी होतात, जहाज सरकवलं की ती कडीही सरकतात. 2019 साली ‘डिस्टंट वर्ल्ड्स 2’ या मोहिमेत तेरा हजारांहून अधिक खेळाडूंनी नावं नोंदवली होती, आणि खनिजं खणून त्यांनी या भागात एक स्थानक उभं करवलं.

मला मात्र सर्वांत ओढ होती बीगल पॉइंटची. डार्विनच्या जहाजाचं नाव लाभलेला हा तारा सूर्यापासून 65,279 प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेच्या पार पलीकडच्या काठाला आहे. तिथे तारे विरळ होत जातात. लांब उडीचं जहाज नसेल तर पुढचा तारा पल्ल्यात येत नाही. एका बाजूला सगळी आकाशगंगा आडवी पसरलेली, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. मृग शोधायचा प्रश्नच नव्हता. सूर्यही नकाशात नाव घालूनच सापडतो.

परतताना मी आलेली वाट धरली नाही. इतकी वर्षं इतके लोक हिंडूनही इथल्या ताऱ्यांपैकी एक टक्काही अजून कुणी पाहिलेला नाही, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचं नाव त्या ताऱ्याच्या नोंदीत कायम राहतं. म्हणून मी नकाशा उघडला, वर्दळीचा मार्ग सोडला, आणि ज्यांच्यापुढे कुणाचंच नाव नव्हतं अशा ताऱ्यांकडे जहाज वळवलं.