चौदा दिवसांची मुदत

दुपारी दोनचा तास ज्याच्या वाट्याला येतो, त्या प्राध्यापकाने मागल्या जन्मी काहीतरी पाप केलेले असले पाहिजे. माझा तो तास वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला. मी ज्ञानेश्वरी शिकवीत असतो आणि वर्गाचे कान असतात खिडकीबाहेर, बास्केटबॉलच्या मैदानावर. तो धपधप आवाज म्हणजे माझा हाडवैरी! ‘हा वर्ग माझ्याकडून काढून घ्यावा’ असा अर्जही मी लिहून ठेवला होता.

त्याच रात्री या वैऱ्याचे कूळ शोधावे म्हणून पुस्तक उघडले, तो खेळाचा जनक निघाला माझाच व्यवसायबंधू!

जेम्स नेस्मिथ मूळचा कॅनडाचा. नवव्या वर्षी पोरका झालेला. १८९१ साली तो अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणसंस्थेत शिकवीत होता. हिवाळ्यात बाहेर बर्फ, आत त्याच त्या कवायती. अठरा विद्यार्थ्यांचा एक कंटाळलेला वर्ग दोन शिक्षकांना पुरून उरला होता. प्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी तो नेस्मिथच्या गळ्यात बांधला आणि छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ काढायला मुदत दिली चौदा दिवसांची.

त्याने मैदानी खेळ आत आणून पाहिले. नुसती धक्काबुक्की! मग त्याने पोरांना बोल लावला नाही; खेळाचीच उलटतपासणी घेतली. धक्काबुक्की का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचे असते म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळायचेच नाही! चेंडू जोराने का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. तर मग तो डोक्यावर आडवा टांगावा! तिथे जोर फुकट. चेंडू अलगदच टाकावा लागणार.

शिपायाकडे त्याने खोकी मागितली. मिळाल्या पीचच्या दोन टोपल्या. त्या दहा फूट उंचीवर सज्जाला ठोकल्या. ती उंची आजही तीच आहे. तेरा नियम लिहून लावले आणि डिसेंबरात नऊ-नऊ जणांचा पहिला सामना झाला. गोल झाला एकच! पुढे १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाचा पहिला चेंडू वर उडवला, तो याच मास्तराने.

अर्ज अजून खणात आहे. पण मीही स्वतःला चौदा दिवस दिले आहेत. काल नववा होता. ओवी मी वाचली नाही. तिचे चार चरण चौघांना वाटून दिले. मागल्या बाकावरचा एकजण अडखळला, तसे दोघे-तिघे त्याला सावरायला धावले.

बाहेरचा चेंडू केव्हा थांबला, कुणालाच कळले नाही.