शुगर, साखर आणि गुळाचा चहा

मागच्या आठवड्यात मानवतजवळच्या एका गावाहून साठी ओलांडलेले शेतकरी तपासणीला आले होते. मधुमेहाला आठ वर्षे झालेली. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ९.४ आली. मी गोळ्यांची चौकशी करू लागलो तोच ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साखर तर वरीस झालं सोडली. चहा बी गुळाचाच."

"दिवसातून किती वेळा, मामा?"

"पाच-सहा येळा. गुळानं शुगर वाढत नाही म्हणत्यात."

'शुगर' हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो, पण तो आपल्याकडूनच गेलेला आहे. संस्कृतातील शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. उसाच्या रसाचे खडे होऊ लागल्यावर त्यांनाही तेच नाव पडले. (आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. त्याचा मधुमेहाशी संबंध नाही.) प्राकृतात सक्करा, त्यावरून आपली साखर. तिकडे फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत शुगर. एवढा प्रवास करून शब्द परभणीला परत आला, तो आजाराचे नाव होऊन!

गंमत पुढे आहे. गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हणतात. मलबार किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनी तिथला 'चक्करा' उचलला, त्याचे 'जागरा' केले आणि इंग्रजांनी जॅगरी. हा चक्कराही शर्करेपासूनच आलेला. म्हणजे शुगर आणि जॅगरी सख्ख्या बहिणी.

पोटातही तसेच. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज, आणि गुळातही मोठा वाटा सुक्रोजचाच. आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, ते उसातून कुठल्या रूपात आले हे शरीर विचारत नाही. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, पण त्यासाठी मधुमेहात रोज पाच-सहा कप गोड चहा पिणे परवडणारे नाही. 'बिनकेमिकलचा' गूळही याला अपवाद नाही.

मामांना सांगितले, चहा दोनच वेळा, तोही बिनगोडाचा. गोळ्यांनी साखर एकदम उतरून घाम, थरथर सुटली तर मात्र साखर किंवा गूळ लगेच खायचा, म्हणून खिशात पुडी ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

मामा उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मग उसाचा रस?"