आजोबांची बीएसए मी कशी चालू केली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कुरुंदवाडला आमच्या घरात पुराचं पाणी आठ दिवस होतं. पाणी उतरल्यावर परत आलो, तेव्हा गोठ्यात आजोबांची फटफटी टाकीपर्यंत गाळात रुतलेली होती. गाद्या, धान्य, फ्रिज, सगळंच आम्ही रस्त्यावर काढत होतो. भंगारवाला दारात येऊन फटफटीचा किलोवर भाव सांगू लागला. वडील ओट्यावर बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. मी नको म्हणालो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

गाडी बीएसए एम-२०. बर्मिंगहॅमची. पाचशे सीसी, एकच सिलिंडर, आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बगलेला. व्हॅल पेज नावाच्या आरेखकाचं हे काम, १९३७ सालचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी अशा सव्वा लाखाच्या वर गाड्या बनल्या. त्यांतल्या काही हिंदुस्थानात आल्या आणि युद्धानंतर लिलावात निघाल्या. आजोबांनी अशाच एका लिलावात ही घेतली. उसाच्या फडावर ते हिच्यावरून जायचे. १९८४ नंतर ती गोठ्यातून हलली नव्हती.

आधी मी तालुक्यातल्या एका गॅरेजला गाडी दिली. तीन महिन्यांनी तिथून अर्धवट सुटी केलेली गाडी परत आली, आणि तीन पोत्यांत सुटे भाग. निम्म्या नटांचे कोपरे गोल झालेले. दोन बोल्ट तुटून आत राहिलेले. मिस्त्रीचा हात वाईट नव्हता, पाने चुकीचे होते. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तेच आधी सांगतो.

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये मिलिमीटरचे पाने असतात. जुन्या ब्रिटिश गाडीचे नट व्हिटवर्थच्या मापाचे. त्या पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. पाव इंच लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड साधारण १३.३ मिलिमीटर असतं. तेरा नंबरचा पाना त्या नटावर जातच नाही. चौदाचा जातो, पण सैल बसतो, आणि जोर लावला की कोपरे खाऊन टाकतो. शिवाय बीएसएच्या बहुतेक बोल्टना इंचाला २६ आटे. बाजारातला बोल्ट पहिले दोन आटे जातो आणि अडतो. तिथं जोर केला की आतले आटे गेलेच.

पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडून मी व्हिटवर्थचे सात पाने गोळा केले. गंजलेले होते, पण तोंडं शाबूत. घरी येऊन पहिला पाना नटावर बसवला, तर तो जराही हलला नाही. घट्ट, सगळीकडून सारखा. मी शाळेत गणित शिकवतो, यंत्राशी माझा संबंध सायकलच्या पंक्चरपुरता. पण त्या क्षणी मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

एम-२० चं हेड काढणं सोपं आहे. व्हॉल्व्ह बगलेला असल्यानं वर नुसतं लोखंडी झाकण. ते उचललं तर पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला, कडेनं गंजाचं तांबूस कडं. डिझेल आणि इंजिन ऑइल समसमान घेऊन वर ओतलं आणि सोडून दिलं. रोज संध्याकाळी शाळेतून आलो की टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवायचो. ठोकाठोक करायची नाही असं ठरवलं होतं. अकराव्या दिवशी डिझेलच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडा आला. चाक आणखी रेटलं. पिस्टन केसभर खाली गेला. मी बायकोला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "काय झालं? मला तर काहीच दिसेना." मी पुन्हा हलवून दाखवलं.

तुटलेल्या बोल्टांसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तीन दुकानांनी परत पाठवलं. चौथ्या दुकानात सत्तरीचे एक टर्नर होते. त्यांनी बोल्ट हातात घेतला, नखानं आटे चाचपले आणि विचारलं, "सव्वीस आट्याचं हाय हे. कुठनं आणलासा?" तुटके बोल्ट त्यांनी काढून दिले आणि बारा नवे लेथवर करून दिले. सिलिंडरही त्यांच्याच ओळखीनं बोअर झाला. ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा आणि गास्केट विलायतेहून मागवले. बीएसए कंपनी सत्तरच्या दशकातच संपली, पण या गाड्या इतक्या निघाल्या की भाग अजून मिळतात. मध्ये लॉकडाऊन लागला आणि पार्सल ऑगस्टमध्ये पोचलं. तोवर मी एकेक तुकडा रॉकेलनं धुऊन, पुसून, जुन्या बिस्किटांच्या डब्यांत भरला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. ते चार महिने मला जड गेले नाहीत.

नोव्हेंबर २०२० मध्ये जोडणी झाली. तिसऱ्या किकला गाडीनं उलटी लाथ मारली आणि घोटा सुजला. पंधरा दिवस लंगडत होतो. वडील शेकायला मिठाची पुरचुंडी घेऊन आले आणि सहज म्हणाले, "डावीकडचा लिव्हर मागं घेतला नव्हतास का?" मग त्यांनी सगळी रीत सांगितली. इग्निशनचा लिव्हर मागं घ्यायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. कार्बोरेटरचा टिकलर पेट्रोल ओसंडेपर्यंत दाबायचा. पिस्टन दाबावर आला की व्हॉल्व्ह लिफ्टर धरून थोडा पुढं न्यायचा, लिफ्टर सोडायचा आणि पूर्ण किक, मध्ये न थांबता. मी म्हणालो, "आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस." खरंच विचारलं नव्हतं. वर्षभर मी पुस्तकं आणि व्हिडिओ बघत होतो आणि ही गाडी वीस वर्षं चालवलेला माणूस घरातच होता.

त्या रीतीनं गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. दहा-पंधरा मिनिटं झकास चालली आणि बंद पडली. तासाभरानं पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी कार्बोरेटरला दोष दिला. तीन आठवड्यांत तो चार वेळा उघडून साफ केला. हा वेळ वाया गेला. बंद पडताक्षणी प्लग काढून, पेट्रोलपासून लांब धरून ठिणगी बघायला हवी होती. पाचव्यांदा बंद पडली तेव्हा ते केलं, तर ठिणगीच नाही. गार झाल्यावर आहे. दोष ठिणगी तयार करणाऱ्या मॅग्नेटोत होता. त्याचा कंडेन्सर आर्मेचरच्या पोटात असतो, बाहेरून दिसत नाही. वाइंडिंगवरची जुनी लाखही तापली की मऊ पडते. पुण्यातल्या एका वाइंडिंगवाल्या काकांनी आर्मेचर नव्यानं गुंडाळून कंडेन्सर बदलून दिला.

मॅग्नेटो काढताना मी टायमिंगची खूण केली नव्हती. म्हणून पुन्हा हेड उघडलं. लिव्हर पूर्ण पुढं असताना पिस्टन वर पोचायच्या ७/१६ इंच आधी, म्हणजे अकरा मिलिमीटर, मॅग्नेटोतले पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. व्हर्निअरनं खोली मोजली. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरला. कागद ओढत राहायचं आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. कागद अडलेला असतो, आणि एका क्षणी विरोध न करता सुटून हातात येतो. तीच जागा. मी ते सात-आठ वेळा करून पाहिलं. खात्री दुसऱ्या वेळीच झाली होती, बाकीच्या वेळा हौसेच्या.

आणखी एक. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून इंजिनाच्या तळाशी उतरतं. तशीच किक मारली तर धुराचा लोट उठतो आणि ऑइल बाहेर फेकलं जातं. आधी तळातलं ऑइल काढून टाकीत नवं भरायचं, मग किक. आणि पेट्रोलच्या कॉकचं बूच गळायला लागलं तर लगेच फेकू नका. बूच वाळून आकसतं. गरम पाण्यात ठेवलं की फुगतं, माझं अजून तेच आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वडिलांना मागं बसवून पुलावरून नरसोबाच्या वाडीला गेलो. दर्शन घेतलं आणि परत आलो. मध्ये एकदाही बंद पडली नाही. पाने आणि टर्नरची मजुरी धरून सगळा खर्च सत्तर हजारांच्या आत बसला.

त्याच वर्षी जुलैत पाणी पुन्हा चढू लागलं. तेव्हाच एका दुपारी मी इग्निशनचा लिव्हर मागं घेतला, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि ती जयसिंगपूरला बहिणीकडं नेऊन लावली. तुमच्या गोठ्यात अशी एखादी गाडी असेल, तर ती चालवलेल्या घरच्या माणसाशी आधी बोला आणि व्हिटवर्थचे पाने आणल्याशिवाय एकाही नटाला हात लावू नका.