उतारावरची क्षमापना

निवृत्तीनंतर माणसाने नवीन काय शिकावे, याची आपल्या समाजात ठरलेली उत्तरे आहेत: स्वाध्याय, तीर्थयात्रा, फार तर संगणक. त्या यादीत स्नोबोर्डिंग नाही. माझ्याही मनात ते कधी नव्हते. परंतु गेल्या डिसेंबरात कॅनडातील कॅलगरी येथे मुलाकडे गेलो असता नऊ वर्षांच्या नातवाने हट्ट धरला आणि सौभाग्यवतींचा विरोध पत्करून मी होकार दिला.

१९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी विकसित केलेली टेकडी शहराच्या पश्चिम भागातच आहे. तिथे नवशिक्यांसाठी सौम्य उतार आणि वर नेणारा सरकता पट्टा आहे. साहित्य भाड्याने मिळते. चामडे नसलेले हातमोजे व पिसांऐवजी कृत्रिम तंतू भरलेले जाकीट मी आग्रहाने मागितले. दोन्ही सहज मिळाले. फळी उभी धरली असता हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावी, मात्र वजनही पाहावे. बुटात बोटांची टोके पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर टाच उचलली जाऊ नये. पाय बांधण्याच्या पट्ट्यांमध्ये खांद्यांइतके अंतर ठेवून दोन्ही पाय सुमारे १५ अंश बाहेर वळवून दिले. डावा पाय पुढे की उजवा, हे ज्याच्या त्याच्या सवयीवर असते. माझा डावा ठरला. हेल्मेट अनिवार्य मानावे, आणि मनगटाचे संरक्षकही. पडताना नवशिका हात टेकतो आणि मनगट मोडते. म्हणून मूठ मिटून कोपरापुढचा हात टेकवायचा, हा पहिला धडा.

दुसरा धडा कडांचा. फळी उताराला आडवी असताना वरच्या बाजूची कड बर्फात रुतलेली हवी. खालची कड रुतली की क्षणात माणूस आपटतो. प्रथम टाचेच्या कडेवर उभे राहून हळूहळू खाली घसरायचे, मग गळत्या पानासारखे डावीकडे, उजवीकडे झोके घेत उतरायचे. वळण त्यानंतर. पायांकडे पाहिले की पडणे निश्चित. जायचे तिकडे पाहावे लागते. ईर्यासमितीतही नजर पुढच्या भूमीवरच असते, हे तिथे आठवले.

सर्वांत कठीण गोष्ट वेगळीच होती. भीती वाटली की शरीर मागे झुकते, वजन मागच्या पायावर जाते आणि फळी वळेनाशी होते. वजन पुढच्या पायावर, म्हणजे उताराच्या दिशेने द्यावे लागते. आयुष्यभर कर्जाच्या अर्जाकडे मागे रेलून पाहणाऱ्या मला हे काही केल्या जमेना. दुसऱ्या दिवशी मी वीसेक वेळा पडलो. प्रत्येक वेळी मुलगा येई, हात देई, बर्फ झटके आणि म्हणे, “पप्पा, घाई नाही.”

त्याच्या त्या शब्दांनी मला तीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. त्याला मी सायकल शिकवत होतो. तिसऱ्यांदा पडल्यावर शेजाऱ्यांदेखत मी म्हणालो, “तुला काहीच जमणार नाही.” त्याने पुन्हा सायकलला हात लावला नाही. मी ते विसरलो होतो. तो विसरला असेल असे मात्र वाटेना.

संवत्सरीला शेकडो लोकांना एकच मजकूर पाठवणारा मी. त्यांत दरवर्षी त्याचेही नाव असे. पण बँकेत तपशील नसलेली नोंद मी कधी मान्य केली नव्हती, आणि क्षमा मात्र वर्षानुवर्षे मोघम मागत आलो होतो. बर्फात बसल्या बसल्याच मी म्हणालो, “त्या सायकलच्या दिवशी मी जे बोललो, त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्.”

तो काही वेळ माझ्या बुटाचा पट्टा आवळत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला आठवत नसेल.” आणि उभे करताना, “आता वजन पुढच्या पायावर ठेवा. मी खाली उभा आहे.”

त्या दिवशी मला दोन वळणे जमली. सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळतो, म्हणून चौविहारासाठी आम्ही लगबगीने घरी परतलो. गाडीत नातू माझ्या पडण्यांची गणती सांगत होता, आणि त्याचे वडील मनापासून हसत होते.

यंदाच्या संवत्सरीला मी मोजकेच संदेश पाठवणार आहे. पण प्रत्येकात तपशील असेल.