मामाचं मिक्सिंग मशीन

मास कॉमची डिग्री घेतली, की घरात दोन ड्युट्या आपोआप तुमच्या गळ्यात पडतात. एक, सगळ्यांचे फोन सेट करून देणं. दोन, ‘कुठला कॉम्प्युटर घेऊ गं?’ याचं उत्तर देणं. पहिल्यात चुकलं तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात मी चुकले, आणि मामीच्या पाटल्या बँकेत अडकल्या.

माझा मामा गंगाखेडला लग्नाच्या शूटिंग घेतो. तिकडे एडिटिंग वगैरे कुणी म्हणत नाही, ‘मिक्सिंग’ म्हणतात. टेपच्या जमान्यात फंडा सोपा होता. डीव्ही टेपचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. फायरवायरनं आत घ्यायचा, एडियसवर कापायचा, नवरा-नवरीभोवती बदामाचे आकार फिरवायचे, डीव्हीडी हातात द्यायची. २०२३मध्ये मामानं सोनीचा ए-सेव्हन-फोर घेतला. फोर-के, टेन-बिट, एकदम सॉलिड! जुन्या मशीननं पहिल्याच हळदीला मान टाकली.

मग अर्थातच मला फोन. मी पुण्यात बसून रात्रभर रिव्ह्यू पाहिले, टिळक रोडची दुकानं फिरले, एक्सेल शीट केली. (इम्प्रेस करायला कलर कोडिंगसुद्धा.) साठेक हजारांचं आरटीएक्स ४०७० कार्ड, सोबत इंटेलचा आय-सेव्हन १३७०० एफ. शेवटचा ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरच्या पोटात इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स नाही. एवढं दणदणीत कार्ड असताना ते हवंच कशाला? दोनेक हजार वाचले! मामी पाटल्या ठेवून आली, मशीन आलं, आणि फी म्हणून मला ट्रॅव्हल्सनं धपाट्यांचा डबा आला.

महिन्याभरात मामाचा फोन. ‘पोरी, हे अडकायलंय गं.’

‘रिस्टार्ट कर.’ ‘ड्रायव्हर अपडेट कर.’ आपण फोनवर जे सांगतो ते सगळं सांगून झालं. तोवर आठ लग्नं मिक्सिंगला पडलेली. पेनड्राइव्ह हातात आल्याशिवाय उरलेले पैसे कुणी देत नाही, आणि हप्ता काही कुणाच्या लग्नासाठी थांबत नाही.

शेवटी रात्रीची बस पकडली. मे महिना, गोदावरीकाठ असूनही अंग भाजणारं ऊन, अर्धं ओढलेलं शटर आणि कॉम्प्युटरच्या तोंडावर सोडलेला कूलर. (तो आधी मी फिरवला.) खरं सांगू? मामा काम कसं करतो, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. मंगलाष्टकांची क्लिप चालवली. अक्षता हवेतच थबकल्या. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकतोय आणि माझं साठ हजारांचं कार्ड निवांत बसलंय.

मग डोक्यात उजेड पडला. हा कॅमेरा व्हिडिओ एच-२६५मध्ये दाबून भरतो. चालवताना प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते. मामानं सेटिंग ठेवलं होतं ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती जास्त. हा प्रकार उलगडणारं सर्किट आरटीएक्स ४० मालिकेच्या कार्डांत नाही. एनव्हिडियानं ते २०२५च्या ५० मालिकेत दिलं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या घरच्या ग्राफिक्समध्ये मात्र ते आहे. म्हणजे बरोब्बर तेच, जे मी दोन हजार वाचवायला काढून टाकलं होतं!

मामा काहीच बोलला नाही. मामी चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘म्या तुझ्या शब्दावर ठेवल्या पाटल्या.’ बस्स, एवढंच.

प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉप्या करून काम चालवावं म्हटलं, तर त्या बनवायला रात्र लागते. आणि वळवाच्या दिवसांत लाइट रात्रीच जाते. त्या रात्री गेलीच. सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे फार तर तीनशेसाठ वॉट. माझ्या कार्डालाच दोनशेच्या आसपास लागतात. एकदा बीप झालं आणि सगळं काळं. माझ्या शीटमध्ये यूपीएसचा कॉलमच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एफवाला प्रोसेसर नुकसानीत विकला. त्याच बोर्डात बसणारा बिनएफचा घेतला, बायोसमध्ये इंटेलचं ग्राफिक्स चालू केलं, मोठा यूपीएस आणि बॅकअपला वेगळी हार्ड डिस्क आणली. फरकाचे पैसे मी भरले. दोन लेखांचं मानधन गेलं, पण तक्रार कुणाकडे करणार? एडियस आधीपासून इंटेलच्या क्विक सिंकचा फायदा घेतं. अक्षता सुरळीत पडायला लागल्या. पुढच्या लग्नापासून कॅमेराही ४:२:०वर. गावात दिसणारा फरक शून्य.

आता मित्रांनी ‘कुठला पीसी घेऊ?’ विचारलं, की मी आधी म्हणते, ‘तुझ्या कॅमेऱ्यातली एक क्लिप पाठव, आणि तुझ्याकडे लाइट किती वेळ जाते ते सांग.’ मामालाही मध्यंतरी रॅम वाढवायची होती, पण २०२५च्या शेवटी तिचे भाव असे भडकले, की तो म्हणाला, ‘राहू दे, चालायलंय.’

एक पाटली सुटली आहे. दुसरी या सीझनला.