घरच्या कॉम्प्युटरवर कोण कोण ऐकत असतं?

२००३ साली डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत केबलवाल्याचं इंटरनेट होतं. त्याने गच्च्यांवरून वायरी टाकून आजूबाजूच्या इमारती एकाच नेटवर्कवर जोडल्या होत्या. ‘माय नेटवर्क प्लेसेस’ उघडलं की शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर नावानिशी दिसायचे, कुणाच्या लग्नाच्या फोटोंचा फोल्डरसुद्धा सरळ उघडायचा. ऑगस्टमध्ये घरोघरी एक्सपीवर एकच चौकट येऊ लागली: ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ ही सर्व्हिस अचानक थांबली आहे, मशीन ६० सेकंदांत बंद होईल.

“अगं, मी काहीही उघडलं नाही, मेलसुद्धा नाही,” शेजारचे काका सांगत होते, आणि ते खरंच होतं. ११ ऑगस्टला सुटलेल्या ब्लास्टर वर्मला कुणाच्या क्लिकची गरजच नव्हती. विंडोजची ती सर्व्हिस १३५ नंबरच्या पोर्टवर बाहेरच्यांचं ऐकत असे. वर्म थेट तिच्याशीच बोलायचा. मायक्रोसॉफ्टचा पॅच १६ जुलैलाच आला होता, पण आमच्या इमारतीत तो फारसा कुणी टाकला नव्हता.

गंमत म्हणजे ही सर्व्हिस बंद करून चालत नाही, अर्धं विंडोज तिच्यावर उभं असतं. तिच्यापुढे फायरवॉल लावणं एवढाच मार्ग. मात्र तिच्या शेजारीच ‘मेसेंजर’ नावाची दुसरी सर्व्हिस चालू असायची. ऑफिसातल्या नेटवर्कवर सूचना पाठवायला केलेली, आणि घरी तिच्यातून जाहिरातींच्या करड्या खिडक्या उगवायच्या. ती मी बंद केली आणि काहीही अडलं नाही. पुढे ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ती बंद ठेवली आणि फायरवॉल आपोआप चालू केली.

तेव्हापासून नवं मशीन घरात आलं की मी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट’ चालवून ‘लिसनिंग’ लिहिलेल्या ओळी वाचते. पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्रॅम फक्त त्याच मशीनशी बोलतो, ०.०.०.० असेल तर नेटवर्कवरच्या कुणाशीही. एकदा माझ्या लॅपटॉपवर ३३०६ पोर्ट असा सताड उघडा दिसला. बिलिंगचा एक प्रोग्रॅम मी केव्हाच काढून टाकला होता, पण त्याच्यासोबत आलेला मायएसक्यूएल डेटाबेस मागे राहून दर वेळी विंडोजबरोबर सुरू होत होता.

“राऊटर आहे ना, मग कशाला?” असं मला नेहमी विचारतात. राऊटर बाहेरून येणाऱ्याला अडवतो हे खरं. पण लॅपटॉप घरात बसून राहत नाही. हॉटेलचं वायफाय जोडताना, हा कॉम्प्युटर इतरांना दिसू द्यायचा का, या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटलं जातं आणि फायरवॉल सैल पडते. शिवाय घरातलंच दुसरं मशीन बिघडलेलं असेल तर राऊटर काय करणार? जी सर्व्हिस चालूच नाही, तिच्यातून कुणी आत येऊ शकत नाही. मला हा भरवसा फायरवॉलच्या भरवशापेक्षा मोठा वाटतो.

याची किंमतही मोजावी लागते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर वर्मने, फाइल शेअर करण्यासाठी विंडोज वापरतं त्या एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतून जगभर धुमाकूळ घातल्यावर मी ती आवृत्ती आमच्या सगळ्या मशीनवरून काढली. त्याबरोबर सासऱ्यांच्या जुन्या प्रिंटरचं स्कॅन कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये यायचं थांबलं. “स्कॅन कुठे जातंय गं?” त्यांनी विचारलं. मग यूएसबीची वायर जोडून दिली. जुलै २०२१मध्ये प्रिंट स्पूलरमधलं भगदाड उघड झालं, तेव्हा मुलीच्या लॅपटॉपवर स्पूलर बंद केला. माझ्या लॅपटॉपवर मात्र चालू ठेवला, कारण तो थांबला की ‘प्रिंट टू पीडीएफ’ही थांबतं आणि माझं हिशेबाचं काम त्यावरच चालतं. पॅच येताच टाकला.

म्हणून ‘या पन्नास सर्व्हिस बंद करा, कॉम्प्युटर पळेल’ अशा याद्या मी कुणाला देत नाही. वेग फारसा वाढत नाही, आणि त्या यादीत अपडेटची सर्व्हिससुद्धा असते. ओळखीचं कुणी विचारलं तर मी शेजारी बसते, नेटस्टॅटची एकेक ओळ दाखवते आणि विचारते, घरात हे कोण वापरतं? उत्तर मिळालं नाही तर आधी सर्व्हिस नुसती थांबवायची, आठवडाभर सगळ्यांना नेहमीची कामं करू द्यायची, आणि मगच ‘डिसेबल्ड’ करायची.