वेसाव्याचा किल्ला, मढच्या टोकावर

वर्सोव्याहून, म्हणजे वेसाव्याहून, मढला जाणारी फेरीबोट काही मिनिटांतच खाडी ओलांडते. मासळीच्या पाट्या, स्कूटर, शाळकरी पोरं, सगळ्यांची तिथे दाटी. मला पाहायचा होता वेसाव्याचा किल्ला, आणि तो वेसाव्यात नाही. तो पलीकडे, मढच्या टोकावर उभा आहे.

असं का, ते पाण्यावरून पाहताना कळतं. जमिनीवरच्या माणसाला ही दोन गावं. समुद्रातून गलबत आणणाऱ्याला मात्र ही एकच खाडी आणि एकच बंदर. पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडावर पहाऱ्यासाठी किल्ला बांधला, त्याला बंदराचं नाव लागलं. १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, नाव तेच राहिलं. मढकर त्याला मढचाच किल्ला म्हणतात, आणि ते मला अगदी रास्त वाटतं. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही. पण शेजारच्या खडकांत महादेवाचं देऊळ आहे, आणि त्या महादेवाचं नाव किल्लेश्वर. तटबंदीने इथे देवालाही नाव दिलं!

मग मढ हे नाव कुठून आलं? प्राकृतात ‘ठ’चा ‘ढ’ होतो: पठणाचं पढणं, मठाचं मढ. नगरकडे कानिफनाथांची मढी आहे, जुन्नर तालुक्यात दुसरं मढ आहे. हे टोकही त्याच कुळातलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

पण अशी नावं नुसत्या तर्काने नाही, गावकऱ्यांना विचारून उलगडावीत. आयर्लंडमध्ये १८३०च्या दशकात सरकारी नकाशे होत असताना जॉन ओडोनोव्हन हा पंडित गावोगाव हिंडला. इंग्रज कारकुनांनी वेडीवाकडी लिहिलेली नावं तो जाणत्या गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून घेई, सोबत त्यांच्या दंतकथाही टिपून ठेवी. आपल्याकडे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ छापली, म्हणून उत्तर कोकणातल्या कितीतरी गावांची जुनी नावं हाती आली. पण बखरीतून प्रत्येक पाड्याचं नाव काही हाती येत नाही. म्हणून कोळीवाड्यांच्या हद्दी मोजणाऱ्यांनी वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना पाड्यांची, खडकांची नावं विचारावीत आणि ती त्यांच्याच उच्चारात लिहावीत.

मढच्या उत्तरेला एरंगळच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे. जानेवारीत तिथे मोठा सण असतो. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, सगळेच लोटतात, आणि त्या सणालाही गावाचंच नाव: एरंगळची जत्रा.